चिमणी मान वळवते

दगडू धाकू घाडी या माणसाला मी आठ दिवस मूर्ख समजत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ताकाला जाऊन भांडं लपवायला नको.

१९९९ सालची गोष्ट. मी माटुंग्याच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन बाहेर पडले होते, दादरला हिंदू कॉलनीत राहत होते, आणि जगात आपल्याला न कळणारं फारसं काही नाही अशी माझी पक्की समजूत होती. नोकरी गिरगावात, धुरंधरसाहेबांच्या छोट्याशा कंपनीत. दोन इमारतींतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायचं असेल तर मध्ये तार टाकावी लागते. तार टाकायची तर रस्ता खणावा लागतो, आणि रस्ता खणायची परवानगी येईपर्यंत कॉम्प्युटर म्हातारे होतात. म्हणून आम्ही दोन्हीकडे उंचावर एकेक पेटी बसवायचो. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, पुढे भिंग. हिच्यातून निघालेला लेसरचा उजेड तिच्या भिंगावर पडायचा आणि तिचा हिच्यावर. तो उजेड इतक्या वेगाने उघडझाप करायचा की त्या उघडझापीतूनच पत्रं, चित्रं, सगळं पलीकडे पोचायचं. डोळ्यांना मात्र तो दिसत नसे. मधली हवा नेहमीसारखीच रिकामी दिसायची.

त्या वर्षी परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात एका तपासणी केंद्राने नवी इमारत घेतली होती. माणसाच्या शरीराच्या आतल्या तसबिरी काढणारी मोठी यंत्रं तिथे होती आणि त्या तसबिरी वाचणारे डॉक्टर सातशे मीटरवर, लालबागच्या जुन्या इमारतीत. तसबिरींची पाकिटं घेऊन माणसं दिवसभर रस्त्यातून धावायची. हे धावणं थांबवायचं काम आम्हाला मिळालं. अडचण एकच होती. नवी इमारत बुटकी, मध्ये इतर इमारती आडव्या. आवारात उंच असं एकच होतं, गिरणीचं जुनं धुराडं. सव्वाशे फूट, विटांचं, बाहेरून वर जायला लोखंडी पायऱ्या आणि टोकाशी गिरणीचं नाव रंगवण्यासाठी केलेला अरुंद कठडा. त्या कठड्याजवळ एक पेटी ठोकायची, दुसरी लालबागच्या गच्चीवर. धुराडं म्हटलं तर गिऱ्हाईकाचं तोंड वाकडं होईल म्हणून धुरंधरसाहेबांनी कागदावर 'टॉवर' लिहिलं.

त्या टॉवरवर चढायला कुणी तयार होईना. तेव्हा घाडी आले.

घाडी मालवणकडचे. विसाव्या वर्षी मुंबईत आले, लालबागच्या चाळीत मामाच्या खोलीत पथारी टाकली आणि ह्याच गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, बदली म्हणून लागले. 'लागले' म्हणणंही जरा जास्तच झालं. बदली कामगार रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर येऊन उभा राहतो. कायम असलेल्यांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी ह्याला आत घेतात. सगळे आले तर हा घरी. असे घाडी अकरा वर्षं गेटवर उभे राहिले. स्वतःचा असा साचा त्यांना कधी नव्हता. ज्याला ताप आला त्याचा साचा तो त्यांचा. ब्याऐंशीच्या जानेवारीत कायम करायच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि अठरा तारखेला संप सुरू झाला.

मी एकदा फटकन विचारलं होतं, "नाव आलं होतं ना यादीत? मग आत का नाही राहिलात?"

"सगळे बाहेर, मॅडम. बदलीवाला एकाच्या जागी जातो. हजाराच्या जागी कसा जाणार?" असं म्हणून ते पान्याने बोल्ट आवळत राहिले.

संपानंतर गिरणी उघडली ती नावापुरती, आणि मग बंदच पडली. घर रखमाबाईंनी, त्यांच्या बायकोने, खानावळ घालून चालवलं. घाडींनी गणपतीच्या मंडपांचे बांबू बांधले, गच्च्यांवर अँटेना लावल्या, केबलच्या तारा ओढल्या. उंचावर न घाबरता काम करणारा माणूस म्हणून ते आमच्याकडे पोचले, तेही रोजावर. म्हणजे पुन्हा बदलीच म्हणायची.

धुरंधरसाहेबांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं, "घाडी, हे काम तीस दिवस न तुटता चाललं तर केंद्राच्या बाकीच्या इमारती आपल्याला मिळतात आणि तुम्ही कायम. नाही चाललं तर मी ही गच्चीची कामंच बंद करणार. मग तुम्ही दुसरीकडे बघा."

घाडींनी एवढंच विचारलं, "कायम म्हणजे कागदावर?"

"कागदावर."

पहिल्या दिवशी मी पायऱ्या चढून वर गेले. गेले म्हणजे कशीबशी पोचले. कठड्यावर पाय ठेवल्यावर मी दोन्ही हातांनी पायरीची सळई धरली. घाडी मात्र आपल्या गॅलरीत उभं राहावं तसे उभे होते. दुर्बिणीतून लालबागची पेटी शोधली, स्क्रू फिरवून नेम धरला, आणि किती उजेड पोचतोय ते दाखवणारा काटा वर चढला. पलीकडचा उजेड आमच्याकडे आला होता.

"हा सेकंदाला किती वेळा लागतो-विझतो?" घाडींनी विचारलं.

"एक कोटी वेळा."

ते कठड्याला पाठ टेकून खाली बसले. "आमचा साचा मिनिटाला एकशे ऐंशी धोटे मारायचा. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तेवढ्यानं माझा डावा कान गेला." मग त्यांनी मधल्या रिकाम्या हवेकडे बघितलं. "एक कोटी. आणि आवाज काय नाय."

मला उगाचच अभिमान वाटला, जसा काही उजेड मीच शोधून काढला होता. त्यानंतर मी पुन्हा वर चढले नाही. खरं कारण म्हणजे माझी टरकली होती. ऑफिसात मात्र मी सांगितलं की आता फक्त देखरेखीचं काम आहे, घाडी रोज बघतील आणि वहीत लिहितील.

आणि ही उजेडाची जोडणी, आमच्या भाषेत लिंक, रोज तुटायला लागली. घाडी सकाळी नऊला वर चढून नेम बरोबर करायचे. दुपारपर्यंत झकास. तीन वाजून गेले की काटा खाली. केंद्रातले लोक फोनवरून माझा उद्धार करायचे आणि मी घाडींना निरोप पाठवायची की बोल्ट नीट आवळा. शनिवारी वही ऑफिसात आली. घाडींचं अक्षर मोठं आणि ठाम.

'मंगळवार. ९ ला लावली. ३.१० ला गेली. बोल्ट टाइट आहेत.'

'बुधवार. ९ ला लावली. ३.०५ ला गेली. बोल्टवर खडूची रेघ मारली होती. रेघ जागेवर.'

'गुरुवार. चिमणीमुळे जाते. चिमणी मान वळवते.'

'शुक्रवार. तेच. चिमणी सकाळी समुद्राकडे, दुपारी शिवडीकडे.'

मी कपाळाला हात लावला. लाखो रुपयांची यंत्रं, आणि हा माणूस चिमणी कुठे बघते ते लिहून ठेवतोय. तरीही विचार केला, भिंगासमोर पाखरू बसत असेल तर उजेड अडणारच. परळ-लालबागला चिमण्यांना काय तोटा? मी पंधरा फूट नायलॉनची जाळी मागवली आणि चिठ्ठीसकट पाठवून दिली, 'चिमणीला जाळी लावा.' एवढं करून आपण फार तत्पर आहोत असंही मला वाटलं.

पुढचा आठवडा तसाच गेला. रोज तीनच्या सुमाराला काटा खाली. धुरंधरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की केंद्र आणखी फार दिवस वाट बघणार नाही. "घाडींनाही कल्पना देऊन ठेव," ते म्हणाले. राग माझ्या नाकावरच असतो. तो घेऊन मी थेट गिरणीत गेले.

आवारात शिरले आणि वर बघितलं तर धुराड्याच्या तोंडाला सगळीकडून निळी जाळी बांधलेली, पाखरांपासून वाचवायला आंब्याला बांधतात तशी. पेटी होती तशीच उघडी.

"घाडी, जाळी तिथे कशाला बांधलीत? पेटीला का नाही?"

"तुमी चिमणीला लावा म्हणालात."

"हो, चिमणीसाठीच. ती पेटीवर येऊन बसते ना?"

घाडींनी वर पेटीकडे बोट दाखवलं. मग अगदी अदबीने म्हणाले, "मॅडम, पेटी चिमणीवर बसलीय."

मी पुन्हा वर बघितलं. आमच्या घरी त्याला धुराडं म्हणतात, ऑफिसच्या कागदावर टॉवर. अख्ख्या गिरणगावात त्याला शंभर वर्षं चिमणी म्हणत आलेत, आणि मी दादरची, चालत वीस मिनिटांवर राहणारी, एका मराठी शब्दासाठी आठ दिवस वाया घालवून बसले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल निळी जाळी घालून वर उभा होता.

"मग तुम्ही विचारलं का नाही मला? चिमणीला जाळी लावून काय होणार म्हणून?"

"बदलीवाला विचारत नाय, मॅडम. सांगितलं ते करतो. म्हटलं, विटा पडू नयेत म्हणून असेल."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. पण डोकं ऐकेना. "सव्वाशे फुटांची विटांची चिमणी मान कशी वळवेल?"

"आत या," घाडी म्हणाले.

चिमणीच्या तळाशी राख काढायचं एक बुटकं दार होतं. वाकून आत गेलो. आत गारवा होता, काजळीचा जुना वास होता, आणि वर, फार वर, जाळीतून दिसणारा आभाळाचा एवढासा तुकडा. त्या तुकड्यापासून थेट खाली एक दोरी आली होती. टोकाला गवंड्याचा ओळंबा, आणि तो पाण्याने भरलेल्या तेलाच्या डब्यात बुडवलेला, म्हणजे हेलकावे घेणार नाही. वारा येऊ नये म्हणून खालची भोकं गोणपाटाने बंद केलेली. डब्यावर एक फळी होती, फळीला भोक, भोकातून दोरी खाली गेलेली. भोकाच्या कडेने पेन्सिलीच्या खुणा होत्या. नऊ. दहा. अकरा. बारा. प्रत्येक खूण वेगळ्या जागी.

"बसा. बघा," घाडी म्हणाले.

मी बसले. पाऊण वाजला होता. दोरी स्थिर होती. डोळ्यांना काहीही हलताना दिसत नव्हतं. दीडला बघितलं तर दोरी बाराच्या खुणेपाशी नव्हती. अडीचला आणखी पुढे. साडेतीनला घाडींनी पेन्सिल टेकवून खूण केली आणि सकाळची नऊची खूण दाखवली. मध्ये दोन बोटांचं अंतर होतं.

दोरी तर सरळ खालीच लोंबत होती. हलली होती ती चिमणी. सकाळी ऊन पूर्वेच्या विटांवर पडतं, त्या बाजूच्या विटा केसभर फुगतात, आणि एवढं मोठं धूड समुद्राकडे कलतं. दुपारी पश्चिमेच्या विटा फुगतात, आणि ते शिवडीकडे कलतं. रोज. गिरणी चालू होती तेव्हाही, संपात गेट ओस पडलं होतं तेव्हाही, गेली कित्येक वर्षं. कुणाला कळलं नव्हतं, कारण इतक्या नेमाने तिच्याकडे बघणारं आजवर काही नव्हतंच. आमच्या उजेडाने ते पकडलं. आणि उजेड काय सांगतोय ते घाडींनी पकडलं. मी त्या काजळीत बसून होते आणि माझे डोळे भरून आले होते. इतकं थक्क मला माझ्या कुठल्याही पुस्तकाने केलं नव्हतं.

घरी जाऊन मी आकडे मांडले. वर दोन बोटं, पण पेटीचं तोंडही त्याबरोबर कलतं, आणि ते कलणं लालबागला पोचेपर्यंत अडीच हातांचं होतं. उजेडाचं वर्तुळ तिथे जेमतेम दोन हात रुंद. सकाळी नेम धरलेला उजेड दुपारी त्या भिंगाला सोडून शेजारच्या भिंतीवर पडत होता.

दुसऱ्या दिवशी मी नेम आपोआप फिरवणाऱ्या मोटरबद्दल बोलायला लागले. ती परदेशातून यायला तीन महिने लागले असते. घाडींनी ऐकून घेतलं.

"मी सकाळी नऊला नेम धरला, परत साडेतीनला धरला. दोन्हींच्या मधे स्क्रू पाऊण आटा फिरतो. मोजलंय. त्याच्या अर्ध्यावर ठेवूया."

"मग सकाळीही थोडा चुकेल आणि दुपारीही."

"चुकेल. पण तुटणार नाय." मग ते समजावायला लागले, जसं नव्या बदलीवाल्याला समजावावं. "साच्यावर सूत सकाळच्या हवेला बघून ताणलं तर दुपारी हवा सुकते, आणि धागा तुटतो. म्हणून ताण मधला ठेवायचा. कुठल्याच वेळेला एकदम बरोबर नाय, पण दिवसभर कापड निघतं."

त्या दिवशी मी त्यांच्यामागून पुन्हा वर चढले. खाली न बघता, पायऱ्या मोजत चढले. स्क्रू त्यांनी फिरवला. मी भिंग जरासं मागे घेऊन उजेड थोडा पसरट केला, म्हणजे लालबागला तो तीन हातांचा होईल. तीस दिवसांची मोजणी नव्याने सुरू झाली.

आता घाडींचं काम सगळ्यात अवघड होतं. हात लावायचा नाही. ते रोज येत, काट्यासमोर बसत आणि वहीत लिहीत, 'गेली नाय.' सतराव्या दिवशी फार कडक ऊन होतं. मी तिथेच होते. सव्वातीनला काटा उतरायला लागला. अर्ध्यावर आला, पावावर आला. घाडींची मूठ पान्याभोवती आवळलेली होती, पण ते उठले नाहीत. मी देवाला कधी काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं. काटा पावावर बराच वेळ थरथरत राहिला आणि मग हळूहळू वर चढला. घाडींनी पान्याची मूठ सोडली तेव्हा तळव्यावर वळ उठले होते. वहीत त्यांनी तेच दोन शब्द लिहिले.

तीस वेळा 'गेली नाय' लिहून झाल्यावर धुरंधरसाहेबांनी पत्र दिलं. घाडींनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

"म्हणजे आता रोज गेटवर उभं राहायचं नाय."

"नाही," मी म्हटलं. "आणि रजाही मिळेल. रजेच्या दिवशी न येता पगार."

"न येता?" ते जरा विचारात पडले. "मग उद्या टाकतो."

दुसऱ्या दिवशी मी लालबागच्या इमारतीत गेले तर खाली वॉचमनच्या वहीत 'भेटायला आलेले' या रकान्यात नाव होतं, दगडू धाकू घाडी आणि सौ. रखमा. वर गच्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून घाडीकाका उभे होते. हो, एव्हाना ते काका झाले होते. शेजारी रखमाबाई, नवी साडी, हातात पिशवी. रजेवर असलेल्या माणसाने कामाच्या जागी यायचं नसतं, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

"खंय आसा तो उजेड?" रखमाबाई विचारत होत्या.

"ह्या पेटीतसून त्या चिमणीपर्यंत. समोर बघ."

"माका काय दिसना नाय."

"दिसनाच नाय तो."

"मगे आसा कशावरून?"

काकांनी पेटीकडे बोट दाखवलं, मग परत चिमणीकडे. सतरा वर्षांनी हातात आलेली कायमची नोकरी बायकोला दाखवायला आणली होती, आणि दाखवायला काही नव्हतं. मला राहवलं नाही.

"थांबा, मी दाखवते," म्हणत मी भिंगासमोर हात आडवा घालायला पुढे झाले. "एक सेकंद अडवलं की खाली घंटा वाजेल. मग कळेल तुम्हाला."

काकांनी माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत या माणसाने माझी एकही सूचना मोडली नव्हती.

"नको, मॅडम."

"अहो, एकच सेकंद."

"नको म्हटलं ना. कुणाच्या तरी पोटातली तसबीर जात असेल आता." त्यांनी माझा हात हळूच बाजूला नेऊन सोडला. "आमी सगळ्यांनी मिळून एकदा गिरणी बंद करून दाखवली होती. कुणाला काय दिसलं?"

रखमाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पेटीच्या बाजूला, उजेडाच्या वाटेत डोकं येणार नाही अशा बेताने, खाली बसल्या. काका त्यांच्या शेजारी बसले. दोघंही चिमणीकडे बघत राहिली.